युद्धकालीन सुरुंगशोधक: पारखून घेण्यापासून पुन्हा चालू करेपर्यंत

दुरुस्त केलेला जुना सुरुंगशोधक कुणी दाखवायला काढला की जमलेली मंडळी आधी चकतीखाली, म्हणजे दांड्याच्या टोकाला असलेल्या, धातू टिपणाऱ्या गोल भागाखाली, हातोडी धरतात. यंत्र कुईं करतं, सगळे खूश होतात. मी चकती कंबरेएवढी उंच धरतो, आसपास लोखंड नाही ना ते बघतो आणि हेडफोन कानाला लावून गप्प उभा राहतो. घुंड्या फिरवत आवाज पार तळाला नेता आला आणि तिथे तो मिनिटभर टिकला, तर यंत्र धडधाकट आहे असं समजायचं. हातोडीपाशी मोडकं यंत्रसुद्धा ओरडतं.

ही शांतता कुठून येते, कशाने बिघडते आणि परत कशी मिळवायची, यातच या छंदाचं बहुतेक तंत्र आलं. रंग, पट्टे, पेटी हा सगळा साज. नवखा माणूस मात्र साज बघून पैसे टाकतो आणि चकती हातात घेतल्यावर कपाळाला हात लावतो. म्हणून लेखात सर्वांत जास्त जागा चकतीलाच दिली आहे.

यंत्र काय करतं

दुसऱ्या महायुद्धातल्या बऱ्याचशा सुरुंगशोधकांच्या पोटात एकच कल्पना आहे. एका कॉइलमध्ये, म्हणजे तारेच्या गुंडाळीत, कानाला ऐकू येईल अशा वारंवारतेचा प्रवाह सोडायचा. शेजारची दुसरी कॉइल अशी बसवायची की पहिलीचा परिणाम तिच्यात उमटून तिथल्या तिथे रद्द व्हावा. धातू जवळ आला की हा तोल ढळतो, दुसऱ्या कॉइलमध्ये बारीकसा संकेत उठतो आणि ॲम्प्लिफायर तो वाढवून कानापर्यंत पोचवतो. कल्पना युद्धापेक्षा जुनी आहे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असंच तोलावर चालणारं यंत्र नेलं होतं. गोळी सापडली नाही. बिछान्यातल्या लोखंडी स्प्रिंगांनी घात केला असं सांगतात. तुमच्या टेबलावरही नेमकं हेच होणार आहे, म्हणून हा किस्सा लक्षात असू द्या.

सैनिकाला पाठीवर वाहून नेता येईल असं यंत्र पोलिश लेफ्टनंट युझेफ कोसात्स्की यांनी १९४१ च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूज इथे तयार केलं. पेटंट न घेता त्यांनी ते ब्रिटिश सैन्याला देऊन टाकलं. वजन जेमतेम १४ किलोच्या आत. ऑक्टोबर १९४२ मध्ये इजिप्तमधली अल अलामेनची दुसरी लढाई सुरू झाली तेव्हा सुमारे ५०० यंत्रं आघाडीवर होती, आणि वाळूतले सुरुंग काढत पुढे सरकण्याचा वेग तासाला १०० मीटरवरून २०० मीटरवर गेला. अमेरिकेचा एससीआर-६२५ हा हेझल्टाईन कंपनीचा. १८ इंच व्यासाची लाकडी चकती, तिला ६ फुटांच्या आसपासचा दांडा आणि साधारण १००० हर्ट्झचा सूर. जमिनीत ६ ते १२ इंच खोल असलेला धातूचा सुरुंग तो ओळखायचा.

काय गोळा करावं

पहिलं यंत्र म्हणून मी डोळे मिटून एससीआर-६२५ सुचवतो. तो मोठ्या संख्येने बनला, सुटे भाग अजून निघतात, मॅन्युअल मिळतं, व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातल्या काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्या) साधे आहेत. यातले सुरुवातीचे संच पाण्याला अजिबात तोंड देत नसत. पुढे पाणी न शिरणारी एच आवृत्ती आली. संग्राहकाला दोन्ही हवीहवीशी वाटतात, दुरुस्त करणाऱ्याला एच बरी, कारण तिच्या पोटात ओल कमी शिरलेली असते.

ब्रिटिश क्रमांक ४ मालिकाही चांगली, पण तारखेबाबत डोळे उघडे ठेवा. ही मालिका युद्धानंतर कितीतरी वर्षं सेवेत राहिली, आणि पुढच्या आवृत्त्यांमध्ये व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आले. विकणारा सगळ्यांनाच ‘महायुद्धातला’ म्हणतो. झाकण उघडल्यावर आत ट्रान्झिस्टर दिसला तर वाद तिथेच संपला. तीच गोष्ट अमेरिकी पीआरएस-३ ची. यंत्र उत्तम, पण युद्धानंतरचं.

सोव्हिएत व्हीआयएम-२०३ ची चकती दांड्याऐवजी सैनिकाच्या मोसिन रायफलीला जोडता यायची. त्यामुळे आज सापडणाऱ्या संचात दांडा नसेल तर तो हरवलेलाच असेल असं नाही. जर्मन यंत्रांना ठिकाणांची नावं आहेत: बर्लिन, फ्रँकफुर्ट, विएन, टेम्पेलहोफ. ती दुर्मीळ, महाग आणि बनावट मालाने वेढलेली. मूळ पोलिश मार्क-१, म्हणजे कोसात्स्कींचं यंत्र, समोर आला तर तो दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका, जपा.

घेण्याआधीची तपासणी

पेटी उघडली की नजर यंत्राची माहिती छापलेल्या धातूच्या पट्टीकडे जाते. ती वाचाच. अमेरिकी सिग्नल कोअरच्या (सैन्याच्या दळणवळण विभागाच्या) पट्टीवर ऑर्डर क्रमांक असतो, त्यात बऱ्याचदा ‘फिला’ म्हणजे फिलाडेल्फिया आणि शेवटी ४३ किंवा ४४ असे दोन आकडे. ते मागणीचं वर्ष. ब्रिटिश वस्तूंवर बाणाचं चिन्ह, जर्मन वस्तूंवर कारखान्याची अक्षरी खूण. पट्टीच्या स्क्रूंच्या खाचा ताज्या खरवडलेल्या असतील तर पट्टी दुसऱ्या यंत्रावरून आली असण्याचा संशय घ्या. चकती, ॲम्प्लिफायर आणि नियंत्रण पेटी यांचे क्रमांक जुळायलाच हवेत असं नाही. युद्धातही भाग अदलाबदल होत. पण तीन भागांवर तीन वेगळ्या जातीचा हिरवा रंग असेल तर तीन मोडक्या यंत्रांचं एक केलं आहे.

मग चकती. कडेला नख लावून प्लायवुडचे थर सुटले आहेत का ते पाहा. हलकेच हलवून आतून खुळखुळ येते का ऐका. सपाट फळीवर ठेवून ती वाकली आहे का ते बघा. खिशात छोटा मल्टीमीटर असेल आणि विकणारा हरकत घेत नसेल तर कनेक्टरच्या पिनांवर कॉइल अखंड आहेत का ते मोजा. तुटलेली कॉइल म्हणजे महिन्याभराचं काम. गेलेला व्हॉल्व्ह म्हणजे एका टपालाची वाट. किंमत ठरवताना हा फरक धरा. चकतीविना चकचकीत पेटी मी फुकटसुद्धा घेत नाही. बरं, घेतो, पण सुट्या भागांसाठी.

घरी आणल्यावर, हत्यार उचलण्याआधी

पेटीचा कानाकोपरा पाहा. सैनिकी जुन्या मालात सरावाचे सुरुंग, सुरुंगांचे फ्यूज, स्फोट घडवणाऱ्या छोट्या टोप्या अशा वस्तू कधीकधी मिसळून येतात. नेमकं काय आहे ते कळत नसेल अशी धातूची डबी, नळी किंवा टोपी दिसली तर ती हलवायची नाही, उघडायची नाही. खोलीतून बाहेर पडून पोलिसांना कळवायचं. ‘निकामी आहे’ ही विकणाऱ्याची खात्री इथे कामाची नाही.

दुसरा धोका दिसायला साधा आहे. सैनिकी मीटरांच्या काट्यांवर आणि आकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असू शकतो. चमक कधीच गेलेली असते, पण रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षांचं, तेव्हा किरणोत्सार जिथल्या तिथे आहे. तपकिरी पडलेले, भुरभुरणारे आकडे दिसले तर मीटरची काच काढू नका, खरवडू नका, फुंकर मारू नका. गायगर काउंटर उसना मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास रेडियम आहे असं धरून चाला. काच शाबूत असलेला मीटर कपाटात राहू शकतो, फक्त झोपायच्या खोलीत नको.

दमट प्रदेशांसाठी बनवलेल्या यंत्रांच्या आत बुरशीविरोधी वॉर्निश मारलेलं असतं. त्यातल्या काही प्रकारांत पाऱ्याची संयुगं आहेत. सोल्डरिंग इस्त्री टेकवली की त्याचा धूर होतो. झाळायच्या जागेवरचं वॉर्निश आधी अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून घ्या, खिडकी उघडी ठेवा. बाहेरच्या रंगात शिसं असण्याची शक्यता गृहीत धरा, म्हणून कोरडी घासाघीस बंद.

आणि फोटो काढा. प्रत्येक बाजूचे, प्रत्येक तारेचे, प्रत्येक स्क्रूचे, सुटं करण्याआधी आणि करताना. तारांचे रंग ८० वर्षांत एकसारखे तपकिरी झालेले असतात. आज डोळ्यासमोर स्पष्ट दिसणारी जोडणी परवा आठवत नाही. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पुडीत. फेकायचं काहीच नाही, फुटलेला व्हॉल्व्हसुद्धा नाही.

चकती

चकती उघडण्याआधी वाळवा. लाकूड, कॉइलवरचं सुती वेष्टन आणि जुनं वॉर्निश ओल धरून ठेवतात, आणि त्या ओलीतून कॉइलच्या फेऱ्यांमध्ये गळती होते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या भरपूर पुड्यांसोबत तीन आठवडे ठेवायची. घाई असेल तर ४० अंश सेल्सिअसच्या आसपासची मंद ऊब चालते, त्याहून जास्त नको. प्लायवुडमधला सरस सुटतो आणि चकती पापडासारखी वाकते. वाळवण्याआधी आणि नंतर प्रत्येक कॉइलचा रोध मोजून वहीत लिहा. बऱ्याच ‘बिघडलेल्या’ चकत्या एवढ्यावरच बऱ्या होतात.

कॉइल अखंड असेल तर तिला हात लावायचा नाही. हे मी मोठ्याने सांगतो आहे. कारखान्यात कॉइलच्या जागा मिलिमीटरच्या अंशाने सरकवून तोल साधलेला असतो आणि मग मेण किंवा वॉर्निश ओतून ती जागा पक्की केलेली असते. ते मेण मळकट दिसतं म्हणून काढणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांची यंत्रं पुढे कधी गप्प झाली नाहीत.

कॉइल तुटलेली दाखवत असेल तरी गुंडाळीत शिरण्याआधी तिची दोन टोकं तपासा. बारीक तार जाड तारेला झाळलेली असते, तिथे जुन्या फ्लक्सने (झाळताना लावलेल्या रसायनाने) तांबं खाल्लेलं असतं आणि हिरवा ठिपका दिसतो. दहातल्या सात वेळा तूट तिथेच सापडते, असा माझा हिशेब. भिंगाखाली टोक सोडवा, तारेवरचा इनॅमलचा लेप हलक्या हाताने काढा, बारीक तारेचा तुकडा जोडून परत झाळा, वर रेशीम किंवा कापसाची पट्टी. तूट खरोखरच आत असेल तर मात्र कॉइल नव्याने गुंडाळावी लागते. उलगडताना फेऱ्या मोजायच्या, तारेची जाडी मायक्रोमीटरने घ्यायची, गुंडाळायची दिशा कागदावर बाणाने लिहायची. दिशा उलटी झाली तर दोन कॉइलचा परिणाम रद्द होण्याऐवजी एकमेकांत मिळतो आणि यंत्र भोंगा बनतं.

काही चकत्यांमध्ये कॉइलभोवती धातूच्या पातळ पत्र्याचं किंवा ग्रॅफाइटच्या लेपाचं आवरण असतं. दव पडलेल्या गवताला चकती लागली तरी आवाज बदलू नये म्हणून ते असतं. त्या आवरणात एका जागी मुद्दाम फट सोडलेली असते. ती फट फाटलेली जागा समजून जोडलीत तर आवरणाचं बंद कडं तयार होतं, म्हणजे कॉइलच्या पोटात एक शॉर्ट सर्किट झालेला फेरा. मग तोल कसला नि काय.

आता माझी फजिती. पहिल्याच यंत्राच्या चकतीतले दोन स्क्रू हरवलेले होते. डब्यात मापाचे दोन मिळाले, बसवले, छान दिसले. मग दोन आठवडे मी ॲम्प्लिफायरमध्ये दोष शोधत होतो, कारण आवाज कुठल्याच घुंडीवर तळाला जाईना. अखेर चुंबक घेऊन चकतीवरून फिरवलं आणि टक्कन दोन जागी चिकटलं. मूळ स्क्रू पितळेचे, मी घातलेले पोलादी. सुरुंगशोधक मुकाट्याने आपलं काम करत होता: त्याला लोखंड सापडलं होतं. तेव्हापासून चकती मिटण्याआधी तिच्यावर चुंबक फिरवणं हा माझा नेम आहे. चकतीत स्क्रू, खिळा, वॉशर जे घालाल ते पितळेचं किंवा लाकडाचं. पितळसुद्धा मूळ जागी, मूळ मापाचंच. तेही धातूच आहे, आणि कारखान्यातला तोल त्याला जमेस धरून केलेला आहे. ॲल्युमिनियमची पूड असलेला रंग चकतीला लावू नका.

सुटलेले प्लायवुडचे थर चिकटवायला जुन्या पद्धतीचा सरस बरा. पुढे कुणाला उघडायचं झालं तर ऊब आणि ओलसर फडक्याने तो सुटतो. एपॉक्सी लावली की चकती कायमची बंद. वाकलेली चकती एका झटक्यात सरळ करू नका. पॅडिंग घातलेल्या क्लॅम्पमध्ये रोज थोडी थोडी आवळत न्या. थोडा बाक राहिला तर राहू द्या.

ॲम्प्लिफायर

एससीआर-६२५ मध्ये तीन व्हॉल्व्ह आहेत: दोन १एन५जीटी आणि एक १जी६जीटी. दोन्ही जाती १.४ व्होल्टच्या फिलामेंटच्या, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेच्या. पहिल्याचं फिलामेंट ५० मिलिअँपिअर घेतं, दुसऱ्याचं १००. हे आकडे लक्षात ठेवा, कारण इतक्या नाजूक तारेला १०० व्होल्टचा चुकून झालेला स्पर्श पुरतो. फिलामेंट तपासताना डिजिटल मल्टीमीटर वापरा. जुने काट्याचे मीटर सर्वांत खालच्या ओहम पट्टीवर इतका प्रवाह सोडतात की तपासता तपासताच व्हॉल्व्ह जायचा.

बाकी भागांत दोषी क्रमाने येतात. सर्वांत आधी मेणाच्या वेष्टनातले कागदी कपॅसिटर. त्यांतून गळती होणारच. एका व्हॉल्व्हच्या ॲनोडपासून (जिथून संकेत बाहेर पडतो) पुढच्याच्या ग्रिडला (जिथे तो आत शिरतो) जोडणारा कपॅसिटर सर्वांत वाईट. समजा तो १ मेगओहमइतका गळतो आहे आणि ग्रिडचा रेझिस्टरही १ मेगओहम आहे, तर ॲनोडवरचं निम्मं व्होल्टेज सरळ ग्रिडवर येतं. हे कपॅसिटर बदलायचेच. जुनी नळी जरा गरम करून आतला मसाला काढा, नवा छोटा फिल्म कपॅसिटर आत सरकवा, टोकं मेणाने बंद करा. बाहेरून तेच मूळ छापील वेष्टन दिसतं. अभ्रकाचे कपॅसिटर सहसा धडधाकट असतात. ऑसिलेटरमधले, म्हणजे सूर निर्माण करणाऱ्या भागातले, तर बिघडल्याचा पुरावा हाती येईपर्यंत बदलू नका, कारण सूर त्यांच्यावर ठरतो.

कार्बनचे रेझिस्टर वयाबरोबर वर सरकतात. छापलेल्या किमतीपेक्षा २० टक्क्यांहून जास्त चुकत असलेले बदला, बाकीचे राहू द्या. रबराचं आवरण असलेल्या तारा वाकवल्या की तडकतात. शक्य तिथे जुन्या तारेवर कापडी नळी सरकवा. नवी प्लॅस्टिकची रंगीत तार उघड्यावर दिसेल तिथे घालू नका, डोळ्यात खुपते. घुंड्यांमागच्या व्हेरिएबल रेझिस्टरना संपर्क साफ करणाऱ्या द्रवाचा एकच थेंब आणि वीसेक फेरे. कनेक्टरच्या पिना लाकडी काडी आणि अल्कोहोलने. सॅंडपेपर नाही.

दांड्यातून जाणारी केबल ही कायमची दुखरी नस. वाकायच्या जागी आतले पदर तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. एक टोक मीटरला लावून केबल इंच इंच वाकवत जा. काटा उडाला तिथे खूण करा.

वीज कुठून द्यायची

मूळ बॅटऱ्या आता मिळत नाहीत, आणि कपाटात सापडल्या तरी त्या फुगलेल्या, गळलेल्या असतात. बॅटरीच्या खणात गळतीचे डाग असतील तर त्या काळच्या जस्त-कार्बन सेलची घाण आम्लधर्मी असते. ती खाण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्याने बोळ्याने टिपून काढा, मग साध्या पाण्याचा बोळा, मग वाळवण. पुढे कुणीतरी घातलेले अल्कलाईन सेल गळले असतील तर सोड्याऐवजी पातळ व्हिनेगर. कोणते सेल होते ते माहीत नसेल तर लिटमस कागद टेकवून ठरवा.

एससीआर-६२५ ला फिलामेंटसाठी १.५ व्होल्ट लागतात, त्याला आजचा मोठा डी आकाराचा सेल चालतो. वरच्या दाबासाठी, म्हणजे व्हॉल्व्हच्या ॲनोडला लागणाऱ्या जास्त व्होल्टेजसाठी, बीए-३८ नावाची १०३.५ व्होल्टची बॅटरी होती. तिच्या जागी ९ व्होल्टच्या ११ बॅटऱ्या एकापुढे एक जोडा. नव्या बॅटरीवर ९.४ ते ९.५ व्होल्ट मिळतात, म्हणजे एकूण १०४ च्या आसपास. हा गठ्ठा पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवून वरून जुन्या बॅटरीसारखा कागद चिकटवला की झाकण उघडल्यावरही विजोड दिसत नाही. मात्र हे १०० व्होल्ट खेळण्यातल्या बॅटऱ्यांचे म्हणून हलक्यात घेऊ नका. ओल्या हाताला चांगलाच झटका बसतो. काम करताना एक हात खिशात.

दोन्ही जोडण्यांचे प्लग वेगवेगळ्या आकाराचे ठेवा, असे की घालायचं म्हटलं तरी उलटे जाणार नाहीत. मी एकदा रंगाच्या भरवशावर राहिलो. रात्री, पिवळ्या दिव्याखाली लाल आणि तपकिरी सारखेच दिसले. तीन व्हॉल्व्ह क्षणभर पांढरे झाले आणि संपले. आवाजसुद्धा झाला नाही.

पहिल्यांदा चालू करताना

व्हॉल्व्ह बाहेर ठेवूनच सुरुवात. फक्त १.५ व्होल्ट जोडा आणि सॉकेटच्या फिलामेंटच्या पिनांवर मोजा. तिथे १.५ च्या आसपासच यायला हवेत. मग फक्त वरचा दाब जोडा आणि फिलामेंटच्या पिनांवर पुन्हा मोजा. तिथे १०० व्होल्टची छायासुद्धा दिसली तर थांबा, कुठेतरी गळती आहे. हे झाल्यावरच व्हॉल्व्ह बसवा.

पहिल्या खेपेला वरच्या दाबाच्या वाटेत १० किलोओहमचा २ वॅटचा रेझिस्टर घाला. कुठे थेट शॉर्ट सर्किट झालं तरी प्रवाह १० मिलिअँपिअरच्या आसपास अडतो, आणि ५० मिलिअँपिअरचं फिलामेंट वाचतं. या रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजलं की यंत्र किती खातं तेही कळतं: २० ते ३० व्होल्ट म्हणजे २ ते ३ मिलिअँपिअर, ठीक. ६० च्या वर गेलं तर बंद करा आणि कपॅसिटर पुन्हा तपासा. सगळं सुरळीत असेल तर रेझिस्टर काढून पूर्ण दाब द्या. हेडफोन मूळचा नसेल तर सर्किट कोणत्या रोधाचा हेडफोन मागतं ते आधी पाहा. आजचा गाणी ऐकायचा हेडफोन थेट लावू नका. काही सर्किटांत वरचा दाब हेडफोनमधूनच जातो, आणि तो तुमच्या कानावर असतो.

शांतता मिळवणं

यंत्र दहा मिनिटं तापू द्या. लाकडी टेबल चालेल, पण त्यातले खिळे, खालची लोखंडी पट्टी, भिंतीतल्या सळया विसरू नका. मी तर मोकळ्या जागी जातो. घड्याळ, पट्ट्याचं बक्कल, किल्ल्या काढून ठेवा, आणि टाचेत लोखंड असलेले बूटही.

या जातीच्या यंत्रांत तोलाच्या दोन घुंड्या असतात. एकीने संकेताची मात्रा जुळते, दुसरीने त्याची कला (फेज), म्हणजे लहर किती पुढे-मागे आहे ते. एकच फिरवून शांतता येत नाही. पहिली फिरवून आवाज जिथे सर्वांत कमी होतो तिथे थांबायचं, मग दुसरी, परत पहिली. प्रत्येक फेरीत आवाज आणखी खाली जातो. शेवटी मूळ सूर नाहीसा होऊन त्याच्या वरच्या पट्टीतला एक पुसटसा सूर आणि व्हॉल्व्हची सळसळ उरते. तो तळ. याहून जास्त शांतता त्या काळीही नव्हती.

तळ लागत नसेल तर यंत्र स्वतःच सांगतं की दुखणं कुठे आहे, फक्त ऐकायला हवं. घुंडी टोकाला गेल्यावरच आवाज कमी होत असेल तर चकती वाकली आहे, कॉइल सरकली आहे किंवा आत नको तो धातू आहे. चकतीवर बोट दाबल्यावर आवाज बदलत असेल तर कॉइल सुटी झाली आहे. तिथे वितळलेल्या मेणाचे दोन थेंब पुरतात. दांडा हलवल्यावर खरखरत असेल तर केबल किंवा कनेक्टर. तोल साधला जातो पण पाच मिनिटांत वाहून जातो, असं असेल तर बहुधा ओल आहे. चकती पुन्हा सिलिका जेलमध्ये. आणि दोन्ही घुंड्यांचा काहीच परिणाम होत नसेल तर ऑसिलेटर चालू आहे का ते बघा. कधीकधी ज्याला आपण शांतता समजतो ती निव्वळ मेलेल्या यंत्राची असते.

तळ लागला की मग खुशाल हातोडी आणा. त्याहून बरं, बिस्किटाच्या डब्याचं झाकण, पितळेची पट्टी आणि नाणं अशा ठरावीक वस्तू ठेवा आणि कोणती किती इंचांवरून ऐकू येते ते वहीत लिहा. पुढच्या वर्षी ताडून पाहता येतं. लोहयुक्त मातीवर चकती आणली की तोल ढळतो, तो त्या मातीवरच पुन्हा साधावा लागतो. इटलीतल्या ज्वालामुखीच्या मातीने सैनिकांना असंच हैराण केलं होतं. त्यात जर्मनांनी लाकडी खोक्यातला शू-माइन ४२ आणि काचेचा ग्लासमाइन ४३ आणला. अशा सुरुंगांवरून चकती फिरली तरी कानात काहीच बदल नसे, आणि सैनिक पुन्हा जमिनीवर पडून संगिनीने माती टोचू लागले. त्यामुळे चालू झालेलं यंत्र जुन्या रणभूमीवर न्यायचा मोह कुणाला होत असेल तर तो इथेच सोडा. त्या काळीच हे यंत्र सगळे सुरुंग सांगत नव्हतं. फ्रान्स आणि बेल्जियमच्या शेतांतून आजही पहिल्या महायुद्धाचे जिवंत तोफगोळे निघतात, आणि अशा जागी धातुशोधक फिरवायला कितीतरी ठिकाणी कायद्याने बंदी किंवा परवान्याची अट आहे.

कापड, लाकूड, रंग

कॅनव्हासची पिशवी आणि पट्टे धुवायचे नाहीत. पाण्याने शिक्के पसरतात आणि कापड आटतं. मऊ ब्रशने झटका. कसर किंवा अळीचा संशय असेल तर पिशवीत हवाबंद करून उणे १८ ते उणे २० अंशांत दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका. बकलांचा गंज काडीने, कापडाला न लागता.

बेकलाईटला (त्या काळच्या कडक प्लॅस्टिकला) साबणाचं पुसट पाणी पुरे. उन्हात वाळत घालू नका, चमक जाते. लाकडी पेटीवरची स्टेन्सिलची अक्षरं सोन्यासारखी जपा. कुठलाही द्रव आधी तळाच्या कोपऱ्यावर लावून बघायचा. नवा रंग देऊ नका. पोपडे उडालेला मूळ रंग आणि एकसारखा ताजा हिरवा यांत मला पहिलाच आवडतो, आणि पुढे विकायची वेळ आली तर घेणाऱ्यालाही तोच आवडतो.

ठेवताना

बॅटऱ्या बाहेर, दर वेळी, ‘उद्या परत लावायच्या आहेत’ असं असलं तरी. चकती आडवी, सपाट, वर काही न ठेवता. पेटीत सिलिका जेलची एक पुडी आणि वर्षातून दोनदा अर्धा तास यंत्र चालू. पेटीच्या झाकणात मी एक पाकीट ठेवतो. त्यात काढलेल्या भागांच्या पुड्या असतात आणि एक कागद: काय बदललं, कधी, कॉइलचे रोध किती आले, ठरावीक वस्तू किती अंतरावरून ऐकू आल्या. खाली दोन वर्तुळं काढून घुंड्यांचे काटे दाखवलेले असतात, कुठे ठेवल्यावर यंत्र गप्प झालं ते. पुढे ज्याच्या हाती ते जाईल त्याला शोधायला तिथून सुरुवात करता येते.